सोने, चांदी आणि आपला रुपया



भात झोडून झाले. इंद्रायणी तांदळाचे पैसे हाती आले. आता मावळात घरोघर एकच बोलणे चालते. महागाई वाढते आहे. नोटा ठेवाव्या की सोने घ्यावे?

जुना राणीछाप रुपया काहींच्या देव्हाऱ्यात अजून असेल. त्याचे वजन एक तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. महायुद्धात, 1940 साली, सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. 1947 साली निकेलचा रुपया आला. नाव रुपयाच राहिले, पण चांदी गेली! ज्याने राणीछाप रुपया जपला, त्याची चांदी शाबूत राहिली. म्हणून महागाईत लोक सोन्याचांदीकडे वळतात. नोटा जास्त छापता येतात, सोने छापता येत नाही.

पण मंडळी, घाई करू नका. तीन गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली गोष्ट. भाव चढतो तसा पडतोही. 1980 च्या जानेवारीत जगाच्या बाजारात जी चांदी सुमारे 50 डॉलरला होती, तीच मार्चअखेर सुमारे 11 डॉलरला आली. कर्ज काढून घेणारे बुडाले.

दुसरी गोष्ट. भिऊन केलेला सौदा महाग पडतो. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या. काहींनी त्याच रात्री चढ्या भावाने सोने घेतले. ज्यांनी नोटा मुदतीत बँकेत भरल्या, त्यांचे पैसे खात्यावर जमा झाले.

तिसरी गोष्ट. दागिना म्हणजे नुसते सोने नव्हे. समजा, दागिन्यात 100 रुपयांचे सोने आहे. घडणावळ 12 रुपये. वर शेकडा 3 रुपये कर. तुम्ही मोजले सुमारे 115. उद्या मोडायला गेलात तर फक्त सोन्याचे पैसे मिळतात. घडणावळ गेली, करही गेला. साठवणच करायची तर चोख सोन्याचे साधे वेढणे घ्या. त्याला घडणावळ कमी पडते.

आणि सोने पेटीत वाढत नाही. एका तोळ्याचे दोन तोळे होत नाहीत. शेत पिकते, म्हैस दूध देते, शिकलेली मुलगी कमावते. रस्ते, कारखाने, बंगले यांसाठी मावळात पुष्कळ जमिनी विकल्या गेल्या. जमिनीच्या सगळ्या पैशाचे सोने करू नका. आधी कर्ज फेडा, मुलांचे शिक्षण पाहा, थोडे बँकेत ठेवा. उरले त्यातून थोडे सोने घ्या. अडीअडचणीला सोन्याचा दागिना बँकेत तारण ठेवता येतो.

आता लोणावळ्याला, तळेगावला किंवा वडगावला पेढीवर जाल, तेव्हा दागिन्यावरची हॉलमार्कची खूण पाहा. बावीस कॅरेटला 916 हा आकडा असतो. म्हणजे हजार भागांत 916 भाग सोने. शेजारी सहा अक्षर-आकड्यांची खूण असते. ती प्रत्येक दागिन्याची वेगळी असते.

पावती मागून घ्या. वजन किती, भाव काय, घडणावळ किती, खड्यांचे वजन वेगळे लावले का, हे सारे तिथेच वाचा. काल हे दुसऱ्याला विचारावे लागत होते. आज तुम्हाला वाचता येते. मग पावती वाचल्याशिवाय पैसे मोजू नका!