‘ओव्हर’ म्हणा, मगच बटण सोडा

(दिवाळी कार्यक्रमाच्या तयारीसाठी मंडळाच्या स्वयंसेवकांची बैठक झाली. तिथे केलेल्या भाषणाचा हा थोडा संपादित मजकूर.)



कमिटीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि आतल्या खोलीत बटाटेवडे तळून तयार आहेत हे मला वासावरून कळतंय. तेव्हा माझी स्पर्धा कोणाशी आहे याची मला पूर्ण जाणीव आहे.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. पोट सॉफ्टवेअरवर. त्यामुळे कमिटीने ‘वॉकी-टॉकीवर बोल’ असं सांगितलं तेव्हा आधी वाटलं, यात बोलण्यासारखं काय आहे? बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं. लहान मुलंही खेळतात. पण गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला जे हजर होते त्यांना विषय का निवडला ते ठाऊक आहे. जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो.

आपण बारा सेट भाड्याने आणले होते. नाटकाचा दुसरा अंक चालू होता. अचानक सगळ्यांच्या सेटवर एक संवाद ऐकू यायला लागला. बटाटेवड्यात लसूण जास्त झालाय की कमी, यावर दोन सद्गृहस्थांची चर्चा. आम्ही पोट धरून हसलो. आमच्यातलाच एक स्वयंसेवक सेट खिशात ठेवून खुर्चीवर बसला होता आणि त्याच्या मांडीखाली बटण दाबलं गेलं होतं. दोन मिनिटं झाली, पाच झाली. लसूण संपला, कोथिंबीर सुरू झाली. आणि नेमक्या त्याच वेळी वरच्या बाल्कनीत एका आजींना चक्कर आली.

बाल्कनीतली आपली वहिनी बटण दाबून ‘डॉक्टर पाठवा, डॉक्टर पाठवा’ म्हणत होती. कोणालाही ऐकू गेलं नाही. एक चॅनेल म्हणजे एक रस्ता. त्यावर एक गाडी आडवी लागली की मागची ॲम्ब्युलन्ससुद्धा अडकते. शेवटी एक मुलगा जिने उतरून धावत आला. आपले डॉक्टर पहिल्या रांगेतच बसले होते. आजींना उन्हाचा आणि उपासाचा त्रास झाला होता, अर्ध्या तासात बऱ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी फोनवर मलाच ‘जेवलास का?’ विचारत होत्या. पण ती आठ-दहा मिनिटं मी अजून विसरलेलो नाही. कारण सेट ज्याच्या खिशात होता तो स्वयंसेवक मीच.

(हशा)

हसा, हसा. पण म्हणूनच हे भाषण मी करतोय.

हे यंत्र आलं कुठून?

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे. १९३७ च्या सुमारास कॅनडात डोनाल्ड हिंग्ज यांनी दुर्गम भागातल्या वैमानिकांसाठी उचलून नेता येईल असा दुतर्फा रेडिओ बनवला. अमेरिकेत अल ग्रॉस त्याच सुमारास हातात मावेल अशा सेटवर काम करत होते. युद्धात अमेरिकन सैन्याकडे दोन प्रकार होते. एक पाठीवर बांधायचा, सुमारे सोळा किलोचा. चालता चालता बोलायचं म्हणून तो खरा ‘वॉकी-टॉकी’. दुसरा हातात धरायचा, सव्वादोन किलोच्या आसपास; त्याला ‘हँडी-टॉकी’ म्हणत. आज आपण हातातल्याला वॉकी-टॉकी म्हणतो, म्हणजे थोरल्या भावाचं नाव धाकट्याला चिकटलं.

आपल्या घरात मात्र हे यंत्र माझ्या काकांमुळे आलं. ते रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. (२०२२ पासून गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. काका म्हणाले, पगार तोच का?) मालगाडीच्या एका टोकाला ड्रायव्हर, दुसऱ्या टोकाला गार्ड, मध्ये अर्धा किलोमीटरहून जास्त डबे. दोघांमधला दुवा म्हणजे तो सेट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा काकांची गाडी कल्याणच्या अलीकडे उभी राहिली. मोबाइल लागेना, लँडलाइन लागेना. मी तेव्हा अकरावी-बारावीचा पोरगा. घरी आम्ही सगळे फोनभोवती बसून होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका चिखलाने भरून घरी आले. आम्ही विचारलं, रात्रभर केलंत काय? म्हणाले, ‘दर तासाला दोन मिनिटं सेट चालू करायचा, ड्रायव्हरची खुशाली घ्यायची, बंद करायचा. बॅटरी पुरवली.’ बॅटरी पुरवली, हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

मोबाइल असताना हे कशाला?

मोबाइलवर एक माणूस एका माणसाशी बोलतो. नंबर शोधा, लावा, समोरच्याने उचलायला हवा. रेडिओवर एकाने बटण दाबलं की सगळे ऐकतात, तेही लगेच. शिवाय मध्ये टॉवर, नेटवर्क, बिल काही नाही. सेट ते सेट सरळ. म्हणूनच एवढे स्मार्टफोन येऊनही विमानतळ, हॉस्पिटल, बांधकामाची साइट इथे रेडिओ टिकून आहे. आपल्या दोह्यात २००६ च्या एशियन गेम्स झाल्या, २०२२ चा वर्ल्ड कप आठ स्टेडियममध्ये झाला. वर्ल्ड कपला वीस हजार स्वयंसेवक होते, त्यात आपलीही मंडळी होती. गेटवरच्या माणसांच्या खांद्यावर काय लटकत होतं ते त्यांनी पाहिलेलं आहे.

मर्यादाही ऐका. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. सपाट वाळवंटात उभ्या असलेल्या दोन माणसांत आठ-दहा किलोमीटर संपर्क होऊ शकतो, पण खोर अल अदैदला वाळूची एक मोठी टेकडी मध्ये आली की पलीकडची गाडी गप्प. हॉलमध्ये तर काँक्रीट, लोखंड, लिफ्ट. बेसमेंटमधून वरच्या बाल्कनीत आवाज पोचतो की नाही हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रत्यक्ष चालून बघायचं. खोक्यावर छापलेल्या किलोमीटरवर विश्वास ठेवायचा नाही.

बोलायचं कसं?

पहिला नियम: आधी ऐका. कोणी बोलत असेल तर थांबा. एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघांनी दाबलं तर दोघांचंही वाया.

दुसरा: बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. सेट पाठवायला लागेपर्यंत क्षणभर जातो. घाईत बोललात तर पहिला शब्द कापला जातो.

तिसरा नियम खास मराठी माणसांसाठी आहे आणि तो इंग्रजी मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. आपल्या भाषेत ‘नाही’ शेवटी येतं! ‘मागचं गेट उघडायचं नाही’ असं सांगून शेवटच्या शब्दाआधीच बोट उचललं, तर पलीकडे काय जातं? ‘मागचं गेट उघडायचं.’ आणि आपला उत्साही कार्यकर्ता लगेच उघडतो. ‘मुलगा सापडला नाही’ याचं ‘मुलगा सापडला’ झालं तर काय होईल याची कल्पना करा. म्हणून रेडिओवर ‘मागचं गेट बंदच ठेवा’, ‘मुलाचा शोध चालू आहे’ असं बोला. आणि वाक्य संपल्यावर ‘ओव्हर’ म्हणा, मगच बटण सोडा. ‘ओव्हर’ कापला गेला तरी चालेल, ‘नाही’ कापला जाता कामा नये.

चौथा: आकडे सुटे सांगा. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे आपल्याला समोरासमोरही एकदा विचारावे लागतात, आणि इथे शिकलेल्या आपल्या मुलांना तर मुळीच कळत नाहीत. गाडीचा नंबर ‘पाच नऊ’ असा सांगा. अक्षरांसाठी जगभर ‘आल्फा, ब्राव्हो, चार्ली’ चालतं; ते १९५६ पासून रूढ आहे. आपण ‘ब बदकाचा’ म्हटलं तरी हरकत नाही, फक्त सगळ्यांनी तेच म्हणा.

पाचवा: ‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, आता तू बोल. ‘आउट’ म्हणजे संवाद संपला. सिनेमात ‘ओव्हर अँड आउट’ म्हणतात, म्हणजे ‘तू बोल, मी निघालो’. आपल्याकडे असं फक्त काही नवरे करतात.

सहावा: निरोप मिळाला की तो परत म्हणून दाखवा. ‘गेट दोन, बंद ठेवतोय.’ नुसतं ‘हो हो’ नको.

आणि सातवा, महत्त्वाचा. रेडिओवर खाजगी असं काही नसतं. काही सेटवर ‘प्रायव्हसी कोड’ लिहिलेलं असतं. त्यामुळे फक्त दुसऱ्यांचा आवाज आपल्या कानावर येत नाही. आपला आवाज मात्र त्या फ्रिक्वेन्सीवर कोणीही ऐकू शकतो. म्हणून हरवलेल्या मुलाचं पूर्ण नाव, घरचा पत्ता, आईचा फोन नंबर रेडिओवर सांगायचा नाही. ‘लाल कुर्ता, सहा वर्षं, गेट एकजवळ’ एवढं पुरे.

निगा कशी राखायची?

बॅटरीपासून सुरू करू, कारण सगळी बोंब तिथेच होते. आजच्या बहुतेक सेटमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती साधारण शून्य ते पंचेचाळीस अंश सेल्सिअसमध्ये चार्ज करावी. आता आपल्या उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किती तापतं ते तुम्ही स्टीअरिंगला हात लावून अनुभवलंय. सेट गाडीत ठेवायचा नाही, आणि तापलेला सेट आणून लगेच चार्जरवर लावायचा नाही. आधी निवू द्या. गणपतीला ऑगस्ट-सप्टेंबरची हवा असते, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवा. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर बॅटरी अर्धी भरलेली, थंड जागी ठेवा. पूर्ण रिकामी ठेवू नका. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा नियम वेगळा होता. ती अधूनमधून पूर्ण उतरवावी लागे. बाबांच्या पिढीचा सल्ला इथे लागू नाही.

आठ तास चालेल म्हणतात तेव्हा हिशेब असा धरलेला असतो: पाच टक्के वेळ बोलणं, पाच टक्के ऐकणं, नव्वद टक्के शांतता. बोलताना बॅटरी सगळ्यात जास्त खाल्ली जाते. आपल्या मंडळाचं बोलण्याचं प्रमाण पाहता जादा बॅटऱ्या हव्यात हे मी कमिटीला लेखी कळवलंय.

अँटेना ही मूठ नव्हे. तिला धरून सेट उचलू नका, वाकवू नका. अँटेना काढलेली असताना बटण दाबू नका. पाठवलेली शक्ती परत सेटमध्ये येते आणि आतला भाग जळू शकतो. बोलताना सेट उभा, तोंडापासून दोन-तीन इंच. जिलबी खाल्ल्यासारखा तोंडात नको.

धूळ आणि खारट दमट हवा हे आपले दोन कायमचे पाहुणे. जाळीवरची वाळू मऊ ब्रशने झाडा, टोकदार वस्तूने खोदू नका. बॅटरीचे धातूचे टोक कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा. बाजूची रबरी झाकणं नीट बसलीत ना ते बघा. सेटवर ‘आयपी ६७’ लिहिलेलं असलं तरी झाकण उघडं असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

एकदा कामानिमित्त मी उत्तरेकडच्या एका गॅस प्रकल्पात गेलो होतो. गेटवर माझा मोबाइल काढून घेतला. आतल्या लोकांकडे मात्र रेडिओ. मी विचारलं, हा कसा चालतो? तिथल्या आपल्या सांगलीच्या गृहस्थांनी समजावलं: हे सेट खास बनवलेले आणि तपासलेले असतात, बिघडले तरी त्यातून वायू पेटवण्याइतकी ठिणगी पडत नाही. आणि बॅटरीही त्याच तपासणीचा भाग. दुसऱ्या कंपनीची स्वस्त बॅटरी बसवली की ती हमी संपली. ‘आमच्याकडे सेट पडला तरी रिपोर्ट करावा लागतो,’ म्हणाले. आपल्याकडे सेट पडला तर आपण आजूबाजूला कोणी पाहिलं का ते बघतो!

कायदा

इथे रेडिओ लहरी वापरण्यावर कम्युनिकेशन्स रेग्युलेटरी ऑथॉरिटीचं नियंत्रण आहे. सुट्टीवरून येताना लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात दोन सेट बॅगेत टाकून आणू, हा विचार सोडून द्या. आपण परवाना असलेल्या पुरवठादाराकडूनच भाड्याने घेतो, आणि त्यांनी दिलेल्या फ्रिक्वेन्सीला हात लावत नाही.

या वर्षी काय बदल?

तीन बदल आहेत. एक, पुरवठादाराकडून सगळ्या सेटमध्ये साठ सेकंदांची मर्यादा घालून घेतली आहे. बटण दबून राहिलं तर मिनिटाने सेट आपोआप पाठवणं थांबवतो. माझ्या मांडीवर यापुढे भरवसा ठेवायची गरज नाही. दोन, पार्किंग आणि स्वयंपाक चॅनेल दोनवर, रंगमंच तीनवर. चॅनेल एक फक्त महत्त्वाच्या निरोपांसाठी मोकळा. तीन, सेट खिशात नाही, कमरेच्या क्लिपला.

तातडीची वेळ आली तर तीनदा ‘इमर्जन्सी’ म्हणायचं, मग कुठे, काय झालं, काय हवं. बाकी सगळे गप्प. ॲम्ब्युलन्स लागली तर एकाने मोबाइलवरून ९९९ लावायचा आणि रेडिओवरून गेटला कळवायचं.

आजी या वर्षीही येणार आहेत, पुन्हा बाल्कनीतच बसणार म्हणतात. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर एक सेट असेल, आणि तो घेऊन मी स्वतः बसणार आहे.

चला, वडे थंड होतायत. प्रत्येकाने एकेक सेट घ्या, हॉलभर फिरा आणि मला हाक मारून बघा. मी ऐकतोय. ओव्हर.