कालवांचे बी का धरेना?

श्रोतेहो, आपल्या कोकणात ओहोटी लागली की बायामाणसे टोपल्या घेऊन खडकांवर कालवे काढायला निघतात. फ्रान्समधल्या आर्काशाँच्या खाडीत तर कालवांची शेतीच चालते. चुना फासलेली कौले पाण्यात ठेवायची. त्यांवर कालवांचे बी धरते, ते वाढवायचे. १९७७ पासून मात्र कौले रिकामी राहू लागली. कालवे अंडी घालीत, पण पिल्ले थोड्याच दिवसांत मरत. मोठ्या कालवांचे शिंपले जाड, वेडेवाकडे होत.

हे कशाने झाले? होड्यांच्या रंगाने! बुडाला शेवाळ, शिंपले धरू नयेत म्हणून त्यात कथलाचे एक विषारी संयुग घालीत. लिटरभर पाण्यात ग्रॅमचा एक कोटीवा भाग पडला तरी पिल्लांना तो बाधे. १९८२ साली तिथल्या सरकारने लहान होड्यांना हा रंग बंद केला, आणि कौलांवर पुन्हा बी धरू लागले. मोठ्या जहाजांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार मात्र २००८ साली अमलात आला.

गुरुजनहो, मुलांना एवढे जरूर सांगा: मेलेला मासा डोळ्यांना दिसतो, न धरलेले बी दिसत नाही. म्हणून खडकावर मोठी कालवे भरपूर असली, तरी त्यांच्या शेजारी यंदाची लहान कालवे आहेत ना, तेही पाहात चला.