हवा काढली, पुढे काय?
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



पिशवीतील हवा ओढून घेऊन तिचे तोंड तापवून चिकटविणारे लहानसे विजेचे यंत्र आता पुष्कळ घरांत आले आहे. त्यास व्हॅक्यूम सीलर म्हणतात. ते काय करते आणि काय करीत नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे.

लोणच्याची बरणी डोळ्यांपुढे आणा. वर तरंगणारे बोटभर तेल हवेला अडविते. परंतु लोणचे टिकते ते मुख्यतः मिठाने व आंबटपणाने. हे यंत्र तेलाचे काम करते, मिठाचे नव्हे.

म्हणून कोरड्या जिनसांना ते फार सोयीचे. शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे हवेने खवट होतात, मसाल्यांचा वास उडतो, रव्याला व डाळींना कीड लागते. या जिनसा चांगल्या वाळवून, गार करूनच भराव्यात. पिशवीचे तोंड चार बोटे रिकामे ठेवावे व आतून कोरडे पुसावे, नाहीतर ते नीट चिकटत नाही. पीठ किंवा मसाला आधी कागदाच्या पुडीत बांधावा, म्हणजे भुकटी यंत्रात ओढली जात नाही. पापड-कुरडया मात्र डब्यातच बऱ्या. पिशवीत त्यांचा चुरा होतो.

ओल्या पदार्थांची गोष्ट निराळी. काही जंतूंना हवा नकोच असते. बोट्युलिझम हे जीवघेणे दुखणे आणणारा जंतू त्यांतलाच. त्याची बीजे साध्या उकळीने मरत नाहीत, आणि त्याचे विष वासावरून वा चवीवरून ओळखू येईलच असे नाही. कारखान्यातील डबाबंद भाजी दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापविलेली असते. आपले यंत्र अन्न तापवीत नाही. तेव्हा शिजविलेले अन्न, मासे, चिरलेली भाजी पिशवीत भरली तरी फ्रिजमध्ये ५ अंशांखाली किंवा फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवावी. गोठलेले मासे वितळविताना पिशवी उघडून फ्रिजमध्येच ठेवावेत. सोललेली कच्ची लसूण आणि ताजी अळंबी यात भरूच नयेत.

मुले वसतिगृहावर जातात तेव्हा मेतकूट, भाजणी, भाजलेले शेंगदाणे खुशाल भरून द्या, वर तारखेची चिठ्ठी लावा. उसळ किंवा ओल्या नारळाची चटणी मात्र दोन दिवसांच्या प्रवासाला देऊ नका. पिशवी कितीही घट्ट दिसली, तरी आतला ओलावा तसाच असतो.