एक नाव, दोन शरद जोशी

नाव हे माणसाच्या ओळखीचे पहिले साधन होय. परंतु एकच नाव धारण करणाऱ्या दोन व्यक्ती एकाच काळात वर्तमानपत्रांत गाजू लागल्या, म्हणजे हे साधन अपुरे पडते. निपाणीच्या तंबाखू-पेठेत ‘शरद जोशी’ हे नाव उच्चारले असता शेतकऱ्यांचा नेता डोळ्यांपुढे उभा राहतो. भोपाळ किंवा इंदूर येथील वाचकास त्याच नावाने हिंदीतील विनोदी लेखक आठवतो.

यांपैकी पहिले शरद अनंत जोशी यांचा जन्म १९३५ साली सातारा येथे झाला. भारतीय टपाल सेवा व त्यानंतर स्वित्झर्लंडमधील बर्न येथील जागतिक टपाल संघाची नोकरी सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाण येथे शेती केली आणि शेतमालाला रास्त भाव मिळावा, यासाठी शेतकरी संघटना उभारली. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू-उत्पादकांनी त्यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगलोर हमरस्त्यावर ठाण मांडले. ६ एप्रिल रोजी पोलिसांनी केलेल्या गोळीबारात अनेक शेतकरी प्राणांस मुकले.

दुसरे शरद जोशी १९३१ साली उज्जैन येथे जन्मले. त्यांनीही सरकारी नोकरीचा त्याग केला, तो मात्र लेखणीसाठी. ‘नवभारत टाइम्स’मधील त्यांचे ‘प्रतिदिन’ हे सदर हिंदी वाचकांच्या नित्याच्या आवडीचे होते. १९८४ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेचे लेखक तेच. १९९१ साली त्यांचे निधन झाले. शेतकरी नेते शरद जोशी २०१५ साली कालवश झाले.

या दोघांत नाते नव्हते. ‘जोशी’ हे ज्योतिषाच्या व्यवसायावरून पडलेले आडनाव. ते मराठी, कन्नड, गुजराती व हिंदी या चारही भाषांच्या मुलखांत आढळते. निपाणीच्या त्या आंदोलनातच प्राध्यापक सुभाष जोशी हे आणखी एक जोशी अग्रभागी होते. त्यातच दोघेही शरद जोशी ग्रंथकार. ग्रंथालयाच्या सूचीत केवळ नाव पाहणाऱ्याची गल्लत झाली, तर त्याला दोष कसा द्यावा?

आपल्या पूर्वजांनी यावर साधा उपाय योजून ठेवला आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि शेवटी गाव, एवढे सांगितले म्हणजे माणसाची ओळख बहुधा पटते. बातमीला मात्र घाई असते. ती मधले नाव गाळते, गाव विसरते. थोरांचे यामुळे फारसे बिघडत नाही. त्यांचे कार्य त्यांना वेगळे ओळखू देते.

परंतु सामान्य माणसाचे काय? सीमाभागातील एकेका गावात पाटील आडनावाची कितीतरी घरे असतात. गोळीबारात पडलेल्या शेतकऱ्यांचा उल्लेख बहुधा आकड्यानेच होतो. नेत्याचे नाव सर्वांच्या ओठी राहिले. ज्यांनी प्राण दिले त्यांची नावे त्यांच्या घरांपुरती उरली. त्यांच्या पाठीशी ग्रंथ नाहीत, भाषणे नाहीत. म्हणून त्यांचे स्मरण करताना वडिलांच्या नावासह आणि गावासह पूर्ण नाव घेणे, हा केवळ टिपणाचा काटेकोरपणा नव्हे. ते त्यांचे ऋण होय.