पाळीच्या नोंदवहीतले लेखक

बालाघाट जिल्ह्यात लिहिणारे किती, असं कुणी विचारलं की आपण कवी मोजायला लागतो. भरवेलीच्या मँगनीज खाणीत पाळी संपताना नोंद करणारा फोरमन, मलाजखंडच्या तांबे प्रकल्पात यंत्राच्या सूचना लिहून काढणारा अभियंता, अपघाताचा अहवाल लिहिणारा सुरक्षा अधिकारी यांना आपण त्यात धरतच नाही. माझं म्हणणं, कथा लिहायला बसवावं ते यांनाच. त्यांचं एक मंडळ व्हावं.

विज्ञान-तंत्रज्ञानातल्या माणसानं कथा लिहावी, ही कल्पना नवी नाही. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हे होते खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी फिरवून! अमेरिकेत कादंबरीकार टॉमस पिंचन बोइंग कंपनीत तांत्रिक लेखक होते. जॉर्ज सॉन्डर्स एका अभियांत्रिकी कंपनीत अहवाल लिहीत, आणि तिथं असतानाच कथाही. 2017 साली त्यांना बुकर मिळालं.

आता आपल्याकडचं. अहवालात एक ओळ येते: ‘दुसऱ्या पाळीत छताचा दगड निसटून एक कामगार किरकोळ जखमी.’ अहवाल म्हणून चोख. पण तो माणूस त्या वेळी सोबत्याला काय सांगत होता, डबा खाल्ला होता की नाही, घरी कळवायला कोण गेलं? अहवालात याला जागा नाही आणि नसावीही. मंडळात मात्र तेच लिहायचं. तेही ‘भीषण’, ‘हृदयद्रावक’ असले शब्द न वापरता. अवजाराला त्याच्या नावानं हाक मारायची आणि क्रम चुकू द्यायचा नाही, ही नोकरीतली सवय सोडू नये; पुष्कळ नामवंत कथाकारांना ती नसते. एक पथ्य पाळा: खऱ्या अपघातातली खरी नावं आणू नका. त्यांची माणसं शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहतात.

भाषा कोणती? घरी पवारी, कार्यालयात हिंदी, गोंदियाकडच्या सोयऱ्यांशी मराठी, यंत्राचं पुस्तक इंग्रजीत. पात्र ज्या भाषेत भांडेल, त्या भाषेत त्याला बोलू द्यावं. पवारीतले संवाद कागदावर उतरवायला लाजणाऱ्यांना मी तरी आग्रह करीन.

सुरुवातीला चार-पाच जण पुरेत. सभागृह, बॅनर, अध्यक्ष, हार काही नको. सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी ओसरीवर बसावं. पहिल्या बैठकीला कथा आणू नका. स्वतः लिहिलेलं, गोपनीय नसलेलं एखादं सूचनापत्रक आणा आणि ते मोठ्यानं वाचा. ऐकणाऱ्यानं ‘छान’ म्हणायचं नाही. वाक्य कुठं कळेनासं झालं, तेवढंच सांगायचं. मग त्याच सूचना पहिल्यांदाच खाणीत उतरणाऱ्या पोराला त्याचा काका कसा सांगेल, ते पुढच्या बैठकीपर्यंत लिहून आणायचं.