श्वासाचा पंप आणि हृदयाचा रुग्ण: औषधचाचणीला होकार देण्यापूर्वी

(लखनौच्या चौक भागात मराठी कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. घरातील सर्वांनी वाचावा, तसेच दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांना वाचून दाखवावा.)



लखनौच्या चौकात मराठीतून बोलण्याचा योग रोज येत नाही. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये या शहरात संगीताचे महाविद्यालय उभे केले. संगीताच्या, नोकरीच्या आणि शिक्षणाच्या निमित्ताने येथे आलेली अनेक मराठी घरे पुढे येथेच रुजली. आज त्या घरांतील वडीलधारी मंडळी साठी-सत्तरीत पोचली आहेत. काहींच्या छातीत स्टेंट आहे, काहींच्या उशाशी श्वासाचा पंप आहे, आणि काहींकडे दोन्ही आहेत. आज मी मुख्यतः या तिसऱ्या गटाशी बोलणार आहे.

१९११ साली सुरू झालेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय, आताचे विद्यापीठ, याच चौकात आहे. अशा मोठ्या शिक्षण रुग्णालयांत उपचारांबरोबर संशोधनही चालते. त्यामुळे देशातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयात आपल्याला एखाद्या दिवशी असा प्रश्न विचारला जाऊ शकतो: "एका इनहेलरची चाचणी सुरू आहे, आपण सहभागी व्हाल का?" त्या क्षणी काय विचारावे आणि कशाची भीती बाळगू नये, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

प्रथम आजाराविषयी थोडेसे. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आणि फुप्फुसाची लवचिकता हरवण्याचा जुनाट विकार. लोक याला सरसकट दमा म्हणतात. पण दमा येतो आणि जातो, सीओपीडीतील अरुंदपणा मात्र पूर्णपणे ओसरत नाही. जोरात फुंकून करावयाच्या तपासणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, तो दिसून येतो. २०१६ मध्ये भारतात सुमारे साडेपाच कोटी लोकांना हा आजार होता, असा अंदाज आहे. त्याच वर्षी देशातील मृत्यूंच्या कारणांत हृदयविकार पहिल्या क्रमांकावर होता आणि सीओपीडी दुसऱ्या. हे दोन आजार एकाच घरात, बरेचदा एकाच देहात नांदतात, यात नवल नाही. तंबाखूचा धूर, चुलीचा धूर आणि वाढते वय दोघांनाही पोसते.

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांचे उदाहरण सांगतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, स्टेंट घातलेला. पंप घेतल्यावर एकदा छातीत धडधडले, म्हणून त्यांनी तो कपाटात ठेवून दिला. सूनबाईंनी विचारले तर म्हणाले, "काळजाला धक्का बसेल असले औषध मला नको." थंडीत, जेव्हा गोल दरवाज्याजवळ मक्खन मलाईच्या परातींभोवती गर्दी होते आणि धुके शेगड्यांचा धूर खाली दाबून धरते, त्या दिवसांत त्यांचा खोकला उफाळला. ते चार दिवस अतिदक्षता विभागात होते. तेथे त्यांच्या हृदयानेही पुन्हा कुरकुर केली.

त्यांची भीती निराधार होती, असे मी म्हणणार नाही. श्वासनलिका रुंदावणारी काही औषधे नाडी थोडी जलद करतात, हात किंचित थरथरवतात. ज्या ग्राहकांवर ही औषधे काम करतात ते प्रामुख्याने श्वासनलिकांत असले, तरी थोडे हृदयातही असतात. म्हणून डॉक्टरांनाही अनेक वर्षे हाच प्रश्न पडला होता: हृदयाला धोका असलेल्या रुग्णाला हे औषध दीर्घकाळ देणे सुरक्षित आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक अडचण असते. औषधचाचण्यांतून हृदयरुग्णांना बहुधा वगळले जाते. टियोट्रोपियम या औषधाची तुषाररूपातील आणि भुकटीरूपातील मात्रा यांची तुलना करणारी एक मोठी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १७ हजारांहून अधिक रुग्ण होते आणि दोन्ही प्रकारांत मृत्यूचे प्रमाण सारखेच आढळले. पण मागील सहा महिन्यांत झटका येऊन गेलेल्यांना तीत घेतलेच नव्हते. ज्याला सर्वाधिक काळजी, त्याच्यासाठी तेथे उत्तर नव्हते.

म्हणून 'समिट' नावाची चाचणी महत्त्वाची ठरते. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ४३ देशांतील १६,४८५ रुग्णांचा तिच्यात विचार झाला. मध्यम स्वरूपाचा सीओपीडी, आणि सोबत हृदयविकार किंवा त्याचा वाढलेला धोका, अशांनाच मुद्दाम निवडले होते. रुग्णांचे चार गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कोणाच्याही मर्जीविना पाडले गेले. एका गटाला फ्लुटिकासोन फ्युरोएट हे स्टेरॉइड आणि विलँटेरॉल हे श्वासनलिका रुंदावणारे औषध एकत्र मिळाले; दोन गटांना त्यांपैकी एकेक; आणि चौथ्याला प्लासिबो, म्हणजे दिसायला तसाच पण औषध नसलेला पंप. कोणाला काय मिळते हे रुग्णालाही ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नाही.

निष्कर्ष काय निघाला? प्लासिबो गटात दर हजारी सुमारे ६७ रुग्ण दगावले, एकत्रित औषधाच्या गटात सुमारे ६०. ऐकायला हा लाभ वाटतो; परंतु एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, असे गणिताने दाखवले. म्हणून 'हा पंप आयुष्य वाढवतो' हे सिद्ध झाले नाही, आणि ते तसेच जाहीर करण्यात आले. चाचणीचा खर्च औषध बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता, हे लक्षात घेता ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. मात्र आपल्या गृहस्थांच्या भीतीला उत्तर मिळाले. औषध घेणाऱ्यांत हृदयाच्या घटना वाढल्या नाहीत, आणि आजार मध्यम किंवा तीव्र स्वरूपात उफाळण्याचे प्रमाण प्लासिबोच्या तुलनेत २९ टक्क्यांनी घटले.

हे उफाळणे टाळणे का मोलाचे, तेही याच चाचणीच्या पुढील विश्लेषणात दिसले. सीओपीडी उफाळल्यानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत हृदयाच्या गंभीर घटनेचा धोका जवळजवळ चौपट होता. रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल, तर सुमारे दहापट. कपाटात पडून राहिलेल्या पंपाचा हिशेब येथे लागतो. खोकला वाढला, कफाचा रंग बदलला, दम अधिक लागू लागला, तर 'थंडी आहे, चालायचेच' असे म्हणू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे, आणि पुढील महिनाभर छातीत दुखणे, घाम फुटणे, पाय सुजणे यांकडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे. छातीत दाब वाटला, ओठ निळसर झाले किंवा वाक्य पुरे करता येईना, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

स्टेरॉइड असलेल्या पंपाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'टॉर्च' ही सहा हजारांहून अधिक रुग्णांची चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत प्लासिबो घेणाऱ्या दर शंभरांत सुमारे १२ जणांना न्यूमोनिया झाला, तर स्टेरॉइडसह एकत्रित पंप घेणाऱ्यांत सुमारे २० जणांना. 'समिट'मध्ये, वेगळ्या मात्रेने आणि मध्यम आजारात, अशी ठळक वाढ आढळली नाही. म्हणूनच सर्वांना एकच पंप, असे होत नाही. शेजाऱ्याला मानवला म्हणून दुकानातून तोच आणू नये.

आता एक गोष्ट, जी मला मनापासून खटकते. 'समिट' आणि 'टॉर्च' या दोन्ही चाचण्यांत प्रवेशासाठी धूम्रपानाचा इतिहास आवश्यक होता: रोज वीस सिगारेटींचे एक पाकीट या हिशेबाने किमान दहा वर्षे. 'समिट'मधील रुग्णांत सुमारे तीन-चतुर्थांश पुरुष होते. आपल्या घरातील आजींनी आयुष्यात विडीला हात लावलेला नसतो. त्यांनी चाळीस वर्षे शेणी, काटक्या आणि तुराट्या फुंकल्या. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी, पाणी तापवायचा बंब, सणावारी पुरणासाठी पहाटेपासून पेटलेली चूल, हा सारा धूर त्यांच्या छातीत गेला. पुण्यातील डॉ. संदीप साळवी यांनी सहलेखकासह २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच दाखवून दिले, की जगातील सीओपीडीच्या रुग्णांपैकी पाव ते जवळजवळ निम्मे कधीही धूम्रपान न केलेले असावेत. उज्ज्वला योजना याच उत्तर प्रदेशातील बलिया येथून १ मे २०१६ रोजी सुरू झाली. पण गॅस आला तरी आधीच्या धुराचे ओझे फुप्फुसात राहते, आणि सिलिंडर संपला की मागच्या अंगणात चूल पुन्हा पेटते.

तेव्हा या आजींना कोणता पंप किती मानवेल, हे आपण बव्हंशी सिगारेट ओढणाऱ्या परदेशी पुरुषांवरून ताडतो. ते अगदीच चुकीचे नाही, पण पुरेसेही नाही. चाचणीत सहभागी होण्याचे आवाहन आपल्या घरी आले, तर ते केवळ संशयाने झिडकारू नये, असे मला वाटते ते यामुळे. केवळ भिडेखातर 'हो' म्हणणेही तितकेच अयोग्य.

होकारापूर्वी काय विचारावे? पहिला प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे: "आता चालू असलेले कोणते औषध बंद करावे लागेल?" 'समिट'मध्ये सहभागी होताना आधीचे स्टेरॉइडचे आणि दीर्घकाळ टिकणारे पंप थांबवावे लागले होते. ज्यांचा आजार वारंवार उफाळतो त्यांच्यासाठी हा बदल लहान नसतो. प्लासिबो मिळण्याची शक्यता किती, अचानक दम लागल्यास कोणता पंप वापरावा, मध्यरात्री कोणाला दूरध्वनी करावा, हेही त्याच वेळी विचारावे. हृदयाचा संपूर्ण इतिहास सांगावा: स्टेंट, झटका, अनियमित ठोके, हृदय कमजोर असल्याचा जुना अहवाल, काहीही लपवू नये. आपल्याला वगळले जाईल या भीतीने लपवलेली गोष्ट आपल्याच जिवावर बेतते. हृदयाचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही कळवावे; ईसीजी कधी आणि किती वेळा काढणार, हे ठरवून घ्यावे.

भारतात नव्या औषधांच्या चाचण्या २०१९ च्या नियमांनुसार होतात. मान्यताप्राप्त नैतिकता समितीची परवानगी आणि भारतीय चाचणी नोंदवहीत आगाऊ नोंद, या दोन्ही गोष्टी अनिवार्य आहेत; नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नसावा. माहितीपत्रक आपल्याला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. हिंदी वाचता येत असली तरी बारकावे कळत नसतील, तर तसे स्पष्ट सांगावे. वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा अंगठा घेताना निःपक्षपाती साक्षीदार हजर हवा. चाचणी घेणाऱ्यांपैकीच कोणी साक्षीदार होऊ शकत नाही. चाचणीमुळे इजा झाल्यास वैद्यकीय उपचार मोफत मिळतात, आणि ती इजा चाचणीशी संबंधित ठरल्यास भरपाईही मिळते. नकार दिल्याने किंवा अर्ध्यावर बाहेर पडल्याने आपले नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. बाहेर पडावयाचे झाल्यास मात्र कळवून पडावे, म्हणजे पूर्वीचे औषध नीट सुरू करता येईल.

घरच्यांसाठी आणखी एक सूचना, कारण हा घोटाळा फार पाहतो. हृदयाच्या गोळ्यांतील बीटा ब्लॉकर या गटाची औषधे 'दम्याला चालत नाहीत' म्हणून परस्पर बंद केली जातात. सीओपीडीच्या रुग्णाला हृदयासाठी मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल यांसारखी निवडक गोळी दिली असेल, तर ती विचारल्याविना थांबवू नये. एकाएकी थांबवणे धोक्याचे आहे. उलट, अशा गोळीने फुप्फुस सुधारेल अशी आशाही बाळगू नये. ज्यांना हृदयासाठी तिची गरज नव्हती अशा ५३२ रुग्णांवरील अमेरिकी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत लाभ दिसला नाही आणि रुग्णालयात दाखल होण्याजोगे उफाळणे अधिक आढळले. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब डोळ्यांत घालत असाल तर तेही सांगा. थेंब डोळ्यांत पडतो, पण परिणाम श्वासापर्यंत पोचू शकतो.

आणि पंप घेण्याची रीत. दाबून वापरावयाचा पंप आधी हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, ओठ घट्ट मिटून संथपणे आत ओढताना दाबावा, मग दहापर्यंत मोजेतो श्वास रोखावा. वयस्कर हातांना दाबणे आणि ओढणे एकाच वेळी जमत नाही. त्यांना स्पेसर द्यावा. भुकटीचा पंप याउलट, जोराने आणि खोल ओढावा लागतो. स्टेरॉइड असल्यास नंतर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे. चुकीच्या रीतीने घेतलेले औषध जिभेवर बसते, फुप्फुसात पोचत नाही. मग औषधच निरुपयोगी आहे, असा समज होतो.

व्याख्यान येथे थांबवतो, कारण बाहेरच्या मेजावर सरावाचे रिकामे पंप ठेवले आहेत. आपापले पंप आणले असतील तर पिशवीतून काढा. रांगेत आधी आजी-आजोबांना येऊ द्या. प्रत्येकाने एकदा माझ्यासमोर घेऊन दाखवावा. ज्यांच्याकडे एखाद्या चाचणीचे संमतिपत्र आहे, त्यांनी तेही सोबत आणावे. सही झालेली एक प्रत आपल्याकडे असलीच पाहिजे. नसेल तर ती कशी मागावी, ते मी सांगेन.