कमी खर्चात घरच्या घरी ध्वनिमुद्रण
(मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेले भाषण)



 मी वक्ता नाही. मनमाडच्या रेल्वे इंजिनिअरिंग कारखान्यात फिटर म्हणून माझी नोकरी झाली. संध्याकाळी मी वस्तीतील गायन पार्टीत खंजिरी वाजवीत असे. ध्वनिमुद्रणाचे शास्त्र मी कोणत्याही शाळेत शिकलो नाही. चुका करीत करीत शिकलो. म्हणून आज सर्वात आधी माझी सर्वात मोठी चूकच आपल्यापुढे ठेवतो.

माझी एक आत्या होती. लिहिता-वाचता येत नव्हते, पण जात्यावरच्या ओव्या आणि बाबासाहेबांचे पाळणे तिला इतके पाठ होते की एक रात्र पुरत नसे. २०१८ साली मी निवृत्त झालो आणि ठरवले की आत्याचा आवाज नीट भरून ठेवायचा. आधी तिला भाड्याच्या स्टुडिओत नेले. तिथे तासावर पैसे. काचेपलीकडचा मुलगा सारखा घड्याळ पाही. आत्याच्या कानावर हेडफोन चढवले, तर ती घाबरली आणि तिसऱ्या ओवीलाच गप्प झाली. मग मी ठरवले की घरीच सामान आणायचे, पण आणायचे तर उत्तमच. कोणी सांगे हा माइक घ्या, कोणी सांगे तो घ्या. मी पैसे साठवीत राहिलो. आत्या म्हणायची, "आरं, त्या मिशिनीची वाट काय बघतो? मी हाय ना समोर." २०१९ च्या पावसाळ्यात आत्या गेली. तेव्हा माझ्या खिशात चांगला मोबाइल होता. त्या मोबाइलवर आत्याची एकही ओवी नव्हती.

मित्रहो, पुढे मी जे सांगणार आहे, ते सगळे या एका गोष्टीसाठी आहे. साधन थोडे कमी असले तरी चालते. माणूस गेल्यावर मात्र काही चालत नाही.

घरात ध्वनिमुद्रण करणे हे काही कमीपणाचे काम नव्हे. अमेरिकेतील लेस पॉल या गिटारवादकाने १९४० च्या दशकात हॉलीवूडमधील आपल्या घराच्या गॅरेजमध्येच ध्वनिमुद्रणाचे नवे नवे प्रयोग केले. १९८२ साली ब्रूस स्प्रिंगस्टीन या प्रसिद्ध गायकाने न्यू जर्सीतील आपल्या राहत्या घरात, चार ट्रॅकच्या एका कॅसेट यंत्रावर आणि दोन साध्या डायनॅमिक माइकवर गाणी भरली. हेतू एवढाच, की साथीदारांना चाली कळाव्यात. पुढे मोठ्या स्टुडिओत तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण घरातल्या कॅसेटमध्ये जे उतरले होते ते तिथे येईना. शेवटी त्या कॅसेटवरूनच 'नेब्रास्का' हा अल्बम निघाला.

आपल्याकडचे म्हणाल तर हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. त्या बायकांना कोणी स्टुडिओत नेले नाही. अभ्यासकच त्यांच्या गावी गेले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे आपले वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांची गाणी गावोगावच्या गायन पार्ट्यांनी तोंडातोंडी पुढे नेली. त्या पार्ट्यांतले किती आवाज आज आपल्याजवळ आहेत, याचा प्रत्येकाने आपल्या वस्तीपुरता विचार करावा.

आता कामाचे बोलू.

पहिला खर्च शांततेचा, आणि तो जवळजवळ फुकट आहे. माइकमधला दोष कानाला लवकर कळत नाही, पण खोलीतला दोष लगेच कळतो. रिकाम्या खोलीत उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझण असा आवाज आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज परत फेकीत आहेत असे समजा. त्यावर औषध म्हणजे आपली गोधडी. गाणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या टांगा. भिंतीला चिकटवू नका. चार बोटे अंतर सोडले तर त्या जास्त आवाज शोषतात. खाली सतरंजी घाला. कपड्यांनी भरलेले कपाट उघडे ठेवा. कापसाची गादी कोपऱ्यात उभी केली, तर खोलीतली घुमघुम थोडी कमी होते. गाणाऱ्याला भिंतीला टेकून बसवू नका आणि खोलीच्या बरोबर मध्यभागीही बसवू नका.

पुष्कळ जण भिंतीला अंड्यांचे ट्रे लावतात. त्याचा उपयोग फार थोडा आणि आगीचा धोका मात्र खरा. शिवाय एक भेद लक्षात घ्या. गोधडी खोलीतला आवाज शोषते. बाहेरचा आवाज ती अडवीत नाही. बाहेरचा आवाज फटीतून येतो. म्हणून दाराखाली जुनी चादर गुंडाळून दाबावी, खिडकी घट्ट लावावी, पंखा आणि फ्रीज बंद करावा. काम झाल्यावर फ्रीज पुन्हा चालू करायला विसरू नये. आमच्या घरी यावरून दोनदा दूध नासले आहे. मनमाड जंक्शनची गाडी काही आपल्यासाठी थांबत नाही. मी गाड्यांच्या वेळा लिहून भिंतीवर लावल्या आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात गाणी भरू लागलो. आपल्या घराजवळ गिरणी असेल, शाळा असेल, पत्र्यावर पाऊस वाजत असेल. आपणही आपल्या घराचे असे वेळापत्रक करा.

दुसरा मुद्दा माइकचा. कंडेन्सर माइक नाजूक कानाचा असतो. त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो आणि शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा तो टिपून घेतो. साध्या खोलीत साधा डायनॅमिक माइकच बरा, कारण त्यावर जवळून गाता येते. माइक समोरचे जास्त ऐकतो आणि पाठीमागचे कमी, म्हणून त्याची पाठ गोंगाटाकडे करावी. तोंडापासून एक वीत अंतर पुरे. फार जवळ गेले की आवाज जड आणि फुगलेला येतो. 'प', 'फ', 'भ' या अक्षरांचा फुत्कार माइकवर आदळतो. आणि आपल्या गाण्यांत 'भ' किती येतो हे मी सांगायला नको! त्यासाठी भरतकामाच्या गोल रिंगेवर नायलॉनचा पातळ मोजा ताणून बसवा आणि ती रिंग माइकपुढे चार बोटांवर धरेल अशी बांधा.

तिसरा मुद्दा, माइक आणि संगणक यांना जोडणाऱ्या छोट्या पेटीचा. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. दोन माइक लागतील अशीच घ्या. एक गळ्यासाठी, दुसरा ढोलकीसाठी. दोन माइकांमधले अंतर, गाणाऱ्यापासून त्याच्या माइकचे जेवढे अंतर असेल त्याच्या निदान तिप्पट ठेवा, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळून बिघडत नाही. ढोलकीवाल्याला पाच-सहा फूट दूर, जाड गोधडीवर बसवा. पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू येतो, म्हणून माइक भात्याच्या बाजूला नको.

संगणक जुना असला तरी चालतो. 'ऑडॅसिटी' ही ध्वनिमुद्रणाची प्रणाली २००० सालापासून मोफत मिळते आणि आपल्या कामाला ती पुरते. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ अशी मांडणी ठेवा. एका तासाच्या दोन माइकच्या ध्वनिमुद्रणाला सुमारे एक जीबी जागा लागते. आवाजाची पातळी सर्वात मोठ्या तानेलाही उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील अशी ठेवा. हळू आवाज नंतर वाढवता येतो; फाटलेला आवाज शिवता येत नाही. हेडफोनमध्ये सारखा 'हूं' असा आवाज आला, तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. आवाज गेला, तर दोष बहुधा अर्थिंगचा आहे. तो जाणत्या वायरमनकडून नीट करून घ्या. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उद्योग करू नका, त्याने जिवावर बेतते.

आता जमाखर्च. मी २०२० साली केलेला खर्च असा: जुना पण चालू इंटरफेस ६,००० रुपये, दोन डायनॅमिक माइक ५,०००, दोन स्टँड १,२००, वायरी ८००, कान झाकणारा हेडफोन २,०००, रिंग, मोजा, दोरी, खिळे ३००, आणि हार्ड डिस्क ४,०००. एकूण १९,३०० रुपये. लॅपटॉप मुलीने टाकून दिलेला आणि गोधड्या घरच्याच. किमती बदलतात, पण प्रमाण लक्षात घ्या. एका घराला हा भार जड वाटला, तर पाच घरांनी मिळून घ्यावा. भजनी मंडळाची पेटी जशी एका घरी राहते आणि सर्वांची असते, तसेच हे.

आणि एवढेही जमले नाही तर? तर मोबाइल. तो विमान-मोडवर टाकावा, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवावा, गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर. एक ओळ भरून ऐकून पाहावी आणि मग पुढे जावे. मूळ फाइल जपून ठेवावी. नुसती व्हॉट्सअॅपवर पाठवून मूळ पुसून टाकू नये, कारण तिथे आवाज दाबला जाऊ शकतो. माझ्या आत्यासाठी एवढे पुरेसे होते. हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही, म्हणून आज मी सांगतो आहे.

म्हाताऱ्या माणसांना गायला बसवताना दोन पथ्ये पाळा. एक, त्यांच्या कानावर हेडफोन घालू नका. तो भरणाऱ्याने घालावा. दुसरे, थांबवू नका. चुकले, खोकला आला, मध्येच गोष्ट सांगू लागले, तरी यंत्र चालू राहू द्या. माझ्याकडे शेजारच्या एका आजोबांचे गाणे आहे. दुसऱ्या कडव्यानंतर ते थांबले आणि ते गाणे कुठल्या मोर्चाच्या रात्री, कंदिलाच्या उजेडात बांधले गेले ते सांगत बसले. ती गोष्ट आज मला गाण्याइतकीच मोलाची वाटते. आजोबा आता नाहीत. त्यांची नात ते ऐकून गाणे शिकली, आजोबांच्या खोकल्याच्या जागेवर ती अजून क्षणभर थांबते.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या आरंभी गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि गाणे कोणी रचले हे मोठ्याने बोलावे. आपल्या शाहिरांनी शेवटच्या कडव्यात नाव गुंफण्याची रीत उगाच ठेवलेली नाही. कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षे राहतो. गाणाऱ्यालाही आपल्या गायनावर ५० वर्षे कायद्याने हक्क आहे. तेव्हा गाणे लोकांसमोर आणण्याआधी दोघांची किंवा त्यांच्या वारसांची लेखी संमती घ्यावी. ज्यांच्या कष्टाचे फळ इतरांनी खाल्ले, अशांचीच आपण लेकरे आहोत. निदान आपल्या हातून तसे होऊ नये.

शेवटचे, जुन्या कॅसेटींचे. घरात १९८० आणि १९९० च्या दशकातल्या कॅसेटी पडून असतील तर त्या काढा. बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणत्याला दाखवा. चांगल्या असतील तर टेपचे हेड स्वच्छ पुसून, टेपची वायर याच इंटरफेसला जोडून त्या संगणकात उतरवा. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात. त्याला जवळचा रस्ता नाही. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या घरात ठेवा. एकाच घरात ठेवलेले एकाच पुरात जाते.

बंधू-भगिनींनो, स्नेहमेळाव्याहून घरी गेल्यावर खरेदीची यादी करू नका. आधी माणसांची यादी करा. आपल्या वस्तीत सत्तरीच्या पुढचे कोण कोण गाते, कोणाला पाळणा येतो, कोण ढोलकीवर बसत असे, ते लिहा. सर्वात म्हाताऱ्याचे नाव सर्वात वर घाला आणि येत्या रविवारी त्यांच्याकडे जा. माइक नंतर आला तरी चालेल.

 

जय भीम! जय भारत!